मदत हवी आहे: पॅनवर माहेरचं नाव, पैसे अडकलेत

नमस्कार मंडळी, आई गोधड्या शिवते, दिवाळीत तिला एका साइटवर सेलर अकाउंट काढून दिलं, ११ गोधड्या गेल्या पण पैसे होल्डवर, का तर पॅनवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं. ५ लाखाच्या आत विक्री असली आणि पॅन-आधार दिलं की टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) नाही, पॅन नसेल तर थेट ५ टक्के, एवढं कळलंय. पण आता आधी पॅन दुरुस्त करू की बँकेत नाव बदलू, लवकर काय होतं? मॅरेज सर्टिफिकेट नाहीये, १९८९ चं लग्न, फक्त पत्रिका आहे तीपण हळदीचे डाग पडलेली. आणि काल कुणीतरी फोन करून पॅनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागत होतं, मी नाही दिला, बरोबर केलं ना?