जुन्या ट्रकात डिझेल इंजिन बसवावं, की मूळ पेट्रोल इंजिनच बांधून घ्यावं?

जुनीचेसिस
माझ्याकडे १९७० च्या दशकातला मध्यम वजनाचा ट्रक आहे. भरल्यावर साधारण ९ टन होतो. इंजिन सहा लिटरचं पेट्रोल व्ही-८. दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय, ऑइल खातंय. चेसिस मात्र एकदम सरळ, केबिनला गंज नाही, पाटे शाबूत. अपघातात गेलेल्या एका गाडीतलं कमिन्स ६बीटी हे डिझेल इंजिन मिळतंय, ५.९ लिटर, १२ व्हॉल्व्ह, डिझेल फवारणारा पंप रोटरी. माझं मत ठाम आहे: डिझेलच घालायचं. हे इंजिन १९८९ साली डॉजच्या पिकअपमध्ये आलं तेव्हा १६० हॉर्सपॉवर आणि जवळपास ५४० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत होतं, तोही दोन हजार आरपीएमच्या आतच. माझं व्ही-८ नवं असताना ४०० च्या आसपास देत असेल. शिवाय पंप पूर्ण मेकॅनिकल आहे. बंद करायच्या सोलेनॉइडला एक वायर दिली की इंजिन चालतं, संगणक नाही, सेन्सर नाहीत. अशी चेसिस भंगारात जाऊ देणं मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

शेवटचा_गिअर
माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण इंजिन नाही, डिफ्रन्शियल आहे, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर. पेट्रोल ट्रकांना त्यातल्या क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) फार आखूड दिलेलं असायचं, कारण इंजिन ४००० पर्यंत पळायचं. तुमचं ६.५ असेल असं धरू. टायरचा एक फेरा ३ मीटर, टॉप गिअर सरळ. पेट्रोलवर ४००० ला गाडी ताशी ११० च्या घरात जाते. ६बीटी २५०० ला चालवा, तीच गाडी ६९ वर अडकते. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर पुढे जाऊच देणार नाही. महिनाभर खपून इंजिन बसवायचं आणि हायवेवर सगळ्यांच्या मागे राहायचं, हे मी दोन गाड्यांत पाहिलंय. दोन्ही मालकांनी नंतर गाड्या विकून टाकल्या.

जुनीचेसिस
ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स लावतो ना. त्याच अपघाती गाडीचा पाच गिअरचा आहे, पाचवा ०.७५ चा, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरतो. ६९ चे ९२ होतात.

शेवटचा_गिअर
दादा, तो गिअरबॉक्स पिकअपसाठी बनवलाय. ९ टन भरून पाचव्यात चढ खेचायला लावलात तर पाचवा गिअर आधी मान टाकेल. उताराला, सपाटीला, रिकाम्या गाडीला ठीक. वेग हवाच असेल तर मागचा अ‍ॅक्सल बदला. ४.८८ गुणोत्तराचं अ‍ॅक्सल हाउसिंग शोधा, सरळ टॉपवर २५०० ला ९२ मिळतील.
आता हिशेब बघा, टॉर्क गुणिले गुणोत्तर. जुनं इंजिन ४०० गुणिले ६.५ म्हणजे २६००. नवं ५४० गुणिले ४.८८ म्हणजे साधारण २६३५. चाकावरचा जोर तेवढाच. मग एवढं सगळं उपटून मिळवलंत काय?

तेलाचा_थेंब
मिळवली ती इंधनाची बचत! डिझेल इंजिनला थ्रॉटल (आत येणारी हवा अडवणारी झडप) नाही, त्यामुळे अर्ध्या भाराला पेट्रोल इंजिन हवा ओढण्यातच जी ताकद घालवतं ती इथे वाचते. कॉम्प्रेशन रेशो दुप्पट. एका लिटर डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी जास्त. रिकामी गाडी परत आणताना फरक सगळ्यात जास्त कळतो. त्या जुन्या व्ही-८ ला माल असो नसो, टाकी रिकामी करायची सवयच असते. वर्षाला बऱ्यापैकी किलोमीटर होत असतील तर मी डिझेलच्या बाजूने आहे. उंचावरच्या घाटातही टर्बोवालं (हवा दाबून आत भरणारं) इंजिन दम सोडत नाही, टर्बो नसलेलं पेट्रोल दर हजार मीटरला साधारण दहावा हिस्सा गमावतं.

शेवटचा_गिअर
घाटाचं काढलंत म्हणून सांगतो. टॉर्क कितीही असो, चढावरचा वेग शेवटी हॉर्सपॉवर ठरवतो. ९ टन, सहा टक्के चढ, १६० घोडे, गिअर-अ‍ॅक्सलमधला तोटा आणि हवेचा विरोध धरला तर गाडी ताशी ५५ च्या पुढे जात नाही. चांगलं बांधलेलं पेट्रोल व्ही-८ याहून मागे राहणार नाही. “डिझेल म्हणजे घाटात उडणार” हा समज काढून टाका. कमी गिअर बदलत, शांतपणे चढेल, एवढंच.

उतार_आणि_ब्रेक
सगळे चढाचं बोलताय. मी उताराचं सांगतो, कारण माझ्या अंगावर आलंय.
मी स्वतः असाच ट्रक केला होता. इंजिन बसलं, गिअर बसला, आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या उतारावर ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. पायाच्या दाबाला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये काही नव्हतंच. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद झाला की हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, बूस्टर त्यावर जगतो. डिझेलला थ्रॉटलच नाही, म्हणून व्हॅक्यूमही नाही. मी ते कनेक्शन जसंच्या तसं नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डला जोडलं होतं. दोन्ही पाय पेडलवर, हँडब्रेक ओढलेला, गाडी तिसऱ्यात ढकलली आणि कडेच्या मातीत घातली. कुणाला लागलं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, आणि चूक पूर्णपणे माझी होती.
व्हॅक्यूम पंप लावा, किंवा स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर. व्हॅक्यूमचा इशारा देणारा दिवा डॅशवर हवाच. मागच्या टू-स्पीड अ‍ॅक्सलचा शिफ्टर किंवा वायपर व्हॅक्यूमवर असेल तर तोही बघा.
त्याच कारणाने डिझेलला इंजिन-ब्रेकही फारसा मिळत नाही. पाय काढला की व्ही-८ गाडी धरून ठेवायचं, डिझेल सोडून देतं. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) घ्या, आणि त्यासोबत व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा. मूळच्या स्प्रिंगा मऊ आहेत, मागचा दाब वाढला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तरंगतात.
मी डिझेलच्या विरोधात नाही. इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक पूर्ण झाले पाहिजेत, या क्रमाच्या बाजूने आहे.

बारा_तेरा_पाना
हे वाचून अंगावर काटा आला. जुनीचेसिस, वरची पोस्ट कापून गॅरेजच्या भिंतीवर लावा.
बाकी मी डिझेलवालाच. पण नुसतं इंजिन आणू नका, ती अपघाती गाडी अख्खी आणा. रेडिएटर, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, माउंटिंग, अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी, अल्टरनेटर. पुढे जो वेळ जातो तो इंजिनात नाही, या फुटकळ वस्तूंत जातो.
आणखी काही, सुचेल तसं. ६बीटी उंच आणि लांब आहे, पाचशे किलोच्या आसपास वजन, तुमच्या व्ही-८ पेक्षा दीड-दोनशे किलो जास्त. पुढचा पाटा वाढवावा लागेल. खालचं ऑइलचं चेंबर पुढे खोल की मागे, ते चेसिसच्या आडव्या क्रॉसमेंबरशी जुळवून बघा, नाहीतर चेसिस कापायचा मोह होतो. कापू नका, चेंबर बदला. इंजिन सरकलं की प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि जॉइंटचे कोन बदलतात, दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवा. पेट्रोलची टाकी वापरणार असाल तर रिटर्न लाइन काढावी लागेल, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, आणि आतून जस्ताचा मुलामा असेल तर ती टाकी बादच करा, डिझेल जस्ताला खातं.
इंजिन खाली आहे तोवर पुढचं कव्हर काढा. टायमिंग गिअरच्या केसमध्ये एक छोटी डॉवेल पिन असते. थरथरीने ती सुटते आणि गिअरमध्ये पडते, केस फुटते. तिच्यावर पत्र्याची पट्टी बोल्टखाली दाबायची, बस्स. इतकं साधं काम न केल्यामुळे चांगली इंजिनं गेली आहेत.

मूळ_ते_मूळ
मी मूळ इंजिन बांधावं या मताचा आहे आणि राहीन. एवढी यादी झाली: अ‍ॅक्सल, बूस्टर, पाटे, शाफ्ट, टाकी, रेडिएटर. तुम्ही इंजिन बदलत नाही आहात, ट्रक बदलताय. व्ही-८ बाहेर काढा, बोअर करा, क्रँक घासा, हेड करून घ्या, तेच बोल्ट त्याच भोकात जातात. तीन आठवड्यांत गाडी रस्त्यावर. अर्धवट राहिलेले किती ट्रक मी ताडपत्रीखाली पाहिलेत!
आणि डिझेलच हवं असेल तर त्याच कंपनीचं त्याच काळातलं डिझेल मॉडेल बघा. घ्यायचं नसलं तरी त्याचं पार्ट बुक मिळवा. तीच केबिन, तीच चेसिस, पण डिझेल दिलं तेव्हा कंपनीने अ‍ॅक्सल बदलला, क्लच मोठा केला, ब्रेकही वेगळे दिले असतील. कारखान्याने विनाकारण एक बोल्टही वाढवला नसेल. कागदपत्रांवर इंजिन नंबर आणि इंधन बदलल्याची नोंद, विम्याला कळवणं, हेही आधी.

तेलाचा_थेंब
पार्ट बुकचं एकदम पटलं. मात्र त्या काळच्या कारखान्यातल्या डिझेलांत सगळीच काही चांगली नव्हती. आणि लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बदलून चेसिसवरच बांधता येणारं इंजिन हवं असेल तर इंटरनॅशनलचं डीटी-४६६ बघा, ओले (बाहेरून थेट पाणी खेळणारे) लायनर आहेत. ६बीटीला लायनर नाहीत, झिजलं की ब्लॉक बोअरच करावा लागतो.

जुनीचेसिस
आज मागचा अ‍ॅक्सल जॅकवर घेतला, दोन्ही चाकं मिळून एक फेरा फिरवली आणि शाफ्टवर खडूची खूण मोजली. साडेसहा. शेवटचा_गिअर, तुमचा अंदाज तंतोतंत.
डिझेलचं मत मी बदललेलं नाही. क्रम बदलला. इंजिनवाल्याला थांबायला सांगितलंय. आधी ४.८८ चं हाउसिंग शोधतो, पिकअपचा गिअरबॉक्स घेणार नाही, आणि माझ्या मॉडेलच्या डिझेल आवृत्तीचं पार्ट बुक एका जुन्या फिटरकडे आहे, ते उद्या आणतो. बूस्टर हायड्रॉलिक.

मूळ_ते_मूळ
व्ही-८ विकू नका. झाकून ठेवा, प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून. आणि हाउसिंग मिळालं की ब्रेक ड्रमची रुंदी आधी मोजा, मगच पैसे द्या.