मदत हवी आहे: भाचीला ए.एल.एल., परळला राहायची सोय आणि पुढचं सगळं

नमस्कार मंडळी. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला ए.एल.एल., म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघालाय. ताई-भाऊजी परभणीहून तिला घेऊन परळला टाटा हॉस्पिटलमध्ये आलेत. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांमधला हा प्रकार बरा होण्याची शक्यता चांगली असते, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिला महिनाभर जोरदार केमो, पाठीच्या मणक्यात इंजेक्शनं, मग बोन मॅरो पुन्हा तपासणार. शेवटचा लांबलचक टप्पा गोळ्यांचा: 6-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन, केमोचीच गोळी) रोज, मेथोट्रेक्सेट (तीही केमोचीच) मात्र आठवड्यातून एकदाच.

सध्या स्टेरॉइडमुळे पोरगी रात्री दोनला उठून वरणभात मागते, उशीर झाला की भिंतीला लाथा मारते. ताई घाबरलीय. गोळ्या थांबल्यावर हे कमी होतं ना?

कॅन्सर झालेल्या मुलांसाठीच्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रात मोफत राहता येतं असं कळलंय. तिथे नंबर लागेपर्यंत तुम्ही कुठे राहिलात? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का? उपचारांच्या खर्चासाठीच्या सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्डावर मुलीचं नावच नाही, त्यासाठी भाऊजींना गावीच जावं लागेल का?

ताप 100.4 झाला की थांबायचं नाही, लगेच दवाखाना, हे बजावलंय. पण गावी असताना अपरात्री काय करता? जवळचा डॉक्टर क्रोसिन देऊन परत पाठवेल, ही धास्ती आहे.

पपईच्या पानांचा रस, गोमूत्र वगैरे कृपया सुचवू नका, त्यासाठी नातेवाईक पुरेसे आहेत. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी जरूर लिहा. कुणी ताईशी फोनवर बोलायला तयार असेल तर फारच बरं होईल.