पँथिऑन चुकवू नका
रोममधल्या प्रसिद्ध ट्रेवी कारंज्यापाशी धक्काबुक्कीने वैताग आला, म्हणून रोमच नको, असं तुम्ही लिहिलंत. वैतागाचं पटलं. पण त्यावरून अख्ख्या रोमला नावं कशाला ठेवायची? तिथून चालत दहाएक मिनिटांवर पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ आहे. जवळपास 1900 वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, 43 मीटर रुंद, आणि आत एक सळई नाही! घुमटाच्या मधोमध उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो नि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. 2023 पासून तिकीट लागतं, पण पैसे वसूल.
आणि हो, पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. जागोजागी ‘नासोनी’ नळ अखंड वाहत असतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते, वाकायलाही नको. कलोसियमचं, म्हणजे प्राचीन रोमन आखाड्याचं, तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढा.