ख्रिसमस ट्रीच्या खालच्या फांद्या वाळताहेत, शेंडा छाटू का?

नमस्कार मंडळी,

बाबांनी अलिबागच्या अंगणात कुंडीत वाढवलेलं अरौकारियाचं झाड (नर्सरीवाले ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते) डिसेंबरात मी पुण्याला आणलं. घर विकलं, पण हे झाड सोडवेना. बाबा रोज संध्याकाळी त्याच्या फांद्यांचे मजले मोजायचे. तेव्हा नऊ होते, आता सहाच उरलेत. खालचे तीन मजले टोकाकडून तपकिरी होत गेले आणि हात लावला की सुया झडतात. शेंडा मात्र हिरवा आहे.

झाड साधारण साडेचार फूट, कुंडी बारा इंची. पश्चिमेची गॅलरी, दुपारी दोननंतर कडक ऊन. सुकतंय असं वाटून मार्चपासून सकाळ-संध्याकाळ पाणी घालतेय. एका नर्सरीत सांगितलं, शेंडा छाटा, खालून फुटवे येतील. कात्री हातात घेतली आणि थांबले. छाटू का? आणि खालच्या फांद्या परत येतील का?

प्रतिसाद:

ताई, थांबलात ते फार बरं केलंत. शेंडा अजिबात छाटू नका. या झाडाचा सगळा डौल त्या एका उभ्या कोंबावर असतो. तो गेला की आकार बिघडतो, आणि आडव्या फांदीचं कलम लावलं तरी ते आडवंच वाढत राहतं. खालच्या गेलेल्या फांद्या मात्र परत येत नाहीत, हे मन घट्ट करून स्वीकारा. उरलेले सहा मजले जपायचे.

हे मूळचं प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं झाड. त्या बेटाच्या झेंड्यावरही तेच आहे. खारा, दमट वारा त्याला मानवतो, म्हणून अलिबागला सुखात होतं. पुण्याचा कोरडा उन्हाळा आणि तापलेली पश्चिमेची भिंत त्याला सोसत नाही. सकाळचं ऊन आणि दिवसभर भरपूर उजेड मिळेल अशा जागी हलवा.

दोन वेळचं पाणी आजच बंद करा. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच भरपूर घाला, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्या. मुळं कुजली तरी झाड वरून तहानलेलंच दिसतं, तिथेच फसायला होतं. खत आणि कुंडीबदल आता नको, पावसाळा लागल्यावर बघू.

एक तपासणी कराच: फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. बारीक ठिपके चालू लागले तर लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आहे.

धागाकर्ती:

आत्ताच करून पाहिलं. ठिपके चालताहेत! आता काय फवारू?

प्रतिसाद:

आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फांद्या खालून-वरून धुवा. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, निंबोळी तेलाची फवारणी. आठवड्याने पुन्हा. त्यानंतर कागद धरून काय दिसतं ते इथे नक्की कळवा.