जिनिंग, गोदामं, कृषी केंद्रांची माहिती बंबात मोबाइलवर कशी ठेवावी?

बंबवाला_यवतमाळ
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत फायरमन आहे. आमच्याकडे एकच बंब, साडेचार हजार लिटरचा. हद्दीत आणि आसपासच्या खेड्यांत जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून गाठी बांधायचे कारखाने), डाळ मिल, सोयाबीनची गोदामं, मेन रोडला कृषी केंद्रांची रांग. कोणत्या जिनिंगच्या मागच्या फाटकातून बंब आत जाते, विजेची डीपी कुठं आहे, कोणत्या विहिरीला होळीनंतरही पाणी राहते, हे सारं आमच्या ड्रायव्हर काकांच्या डोक्यात आहे. आणि काका मार्चमध्ये रिटायर होऊन राहिले. नव्या पोराला ते पत्ता सांगतात, "लिंबाच्या झाडापासून डावीकडे." लिंब रस्ता रुंद केला तेव्हाच तोडला!

साहेब म्हणतात ॲप बनवून घेऊ. मला धास्ती वेगळीच आहे, ॲप येईल अन् भरायला कोणी राहणार नाही. फॉर्म 'बी', म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, त्याच्या फायली आहेत, जानेवारी-जुलैला येतात. पण त्यातून यंत्रणा चालू आहे एवढंच समजते. आत काय साठवलं, कोणत्या कोपऱ्यात, ते नाही. तर काय भरावं, कशात भरावं, आणि खेड्यात रेंज नसली तर बंबात कसं दिसावं?

निवृत्त_लीडिंग_फायरमन
भाऊ, ॲपचं मागाहून पाहू. आधी काय लिहायचं ते ठरवा, नाहीतर मालकाचं नाव, बापाचं नाव, गट नंबर यातच अर्धा फॉर्म जाते.

पहिल्या ओळीत एकच गोष्ट पाहिजे: पाणी मारायचं का नाही. धान्याच्या गोदामात कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यावर पाणी पडलं की फॉस्फिन निघते. विषारी तर आहेच, आपोआप पेटूही शकते. बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर अन् मास्क) न लावता पोरगं आत गेलं तर गेलंच समजा. कृषी केंद्रात हेच डबे कीटकनाशकांच्या शेजारी असतात, आणि खरा माल पुष्कळदा दुकानात नसतेच, मागच्या घरात असते. म्हणून दुकानाचा नाही, साठ्याचा पत्ता घ्या.

कापसाचं दुखणं निराळं. 170 किलोची दाबलेली गाठ वरून ओली होते, आत धुमसतच राहते. विझली म्हणून परत यावं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. गाठी बाहेर ओढून फोडाव्या लागतात, म्हणजे जेसीबीवाल्याचा नंबर त्याच पानावर पाहिजे. शिवाय गाठी पाणी पिऊन फुगतात, थप्पी कलते, भिंतीला रेटा बसते. थप्पी कोणत्या भिंतीला लागून आहे ते लिहा, त्या बाजूला माणूस उभा करू नका. आणि महिना टाका. नोव्हेंबर ते मार्च जिथं पाय ठेवायला जागा नसते, तेच आवार पावसाळ्यात रिकामं असते.

सोयाबीनचं तेल काढायचा सॉल्व्हंट प्लांट असला तर हेक्झेन आलं, म्हणजे पटकन पेटणारं द्रावण. त्याची वाफ हवेपेक्षा जड, नालीतून सरपटत दूरवर जाते. बंब कुठं थांबवायचा ते तिथं आधीच ठरलेलं पाहिजे.

ग्रामीण रुग्णालयही घ्या. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला नवजात कक्षाच्या आगीत 10 बाळं गेली, ते विदर्भात कोणी विसरलं नसेल. बाळं कोणत्या खोलीत, खिडकीला जाळी आहे का, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठं. बस.

नकाशेवाला
ॲप बनवून घेऊ नका. ठेकेदार गेला की ते बंद पडतं. कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करायच्या साधनात फॉर्म बनवा, तो मोबाइलवर नेटशिवाय भरता येतो, जागेचं जीपीएस आणि फोटो त्यातच येतात. मग क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-सॉफ्टवेअरमधून जीपीएक्स फाइल (जागांच्या खुणांची यादी) काढून बंबातल्या फोनवर ऑसमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये टाका. नकाशा आधी उतरवून ठेवला की रेंजची गरज पडत नाही. सगळं फुकट आहे.

विहिरी, टाक्या, शेततळी खुशाल ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावर चढवा, त्याचा सगळ्यांनाच फायदा आहे. पण कोणाच्या गोदामात काय आहे आणि वॉचमनचा नंबर, हे तिथं अजिबात नको.

आणि कागद सोडू नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 2017 साली 72 माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडने नियम केला, 23 जानेवारी 2023 पासून लागू आहे: किमान 18 मीटर उंच किंवा सात अथवा जास्त मजल्यांच्या निवासी इमारतींनी नकाशे अग्निशमन दलाला डिजिटल द्यायचे, आणि छापील प्रत इमारतीतच कुलूपबंद पेटीत ठेवायची. तिकडेही नुसत्या स्क्रीनवर भागलं नाही.

जिनिंगवाला
मी दुसऱ्या बाजूचा. तुम्ही वही घेऊन आले की आमचा मुनीम आधी विचारते, हे कागद कुठं जातात? किती गाठी पडल्या आहेत ते व्यापाऱ्याला कळलं की भाव पडते. विम्यावाल्याचं आणखी वेगळं. म्हणून कोणी खरं सांगणार नाही, अन् खोटा आकडा तुमच्या काय कामाचा?

आकडा मागूच नका. थप्पी कुठं, मेन स्विच कुठं, टाकीचं तोंड कुठं, रात्री डीपी पाडणारा माणूस कोण. एवढं मी आजही देतो. आमच्या टाकीच्या नळाला तुमचा पाइप बसते का, हे एकदा येऊन लावूनच पाहा. आग लागल्यावर अडॅप्टर शोधत बसाल.

बंबवाला_यवतमाळ
आकडा काढून टाकला, पाइपचं घेतलं. दसऱ्याच्या आधी, जिनिंग सुरू व्हायच्या अगोदर दरवर्षी एक फेरी मारायची असं साहेबांना लिहून देतो. वॉचमन दर हंगामाला बदलतात, नंबर तेव्हाच बदलून घेऊ. कृषी केंद्रवाले मागचं घर दाखवतील का, शंकाच आहे. तिथं साहेबांनाच सोबत न्यावं लागेल.

आता काकांना गाडीत बसवून गावोगाव नेतो. पण ते टाइप करणार नाहीत आणि मला लिहूही देत नाहीत, बोलतच सुटतात. कोबोत आवाज भरता येते का?

नकाशेवाला
येतो. प्रश्नाचा प्रकार ऑडिओ निवडा. प्रत्येक जागेला वेगळं रेकॉर्डिंग करा, आणि काका बोलत असताना गाडी बंद ठेवा, इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही.