तुरुंगातील परिचारिकेने उत्तर कोणाला द्यावे?

मूळ मत
तुरुंगातील दवाखाना कारागृह प्रशासनाकडे न राहता आरोग्य खात्याकडे जावा, असे माझे ठाम मत आहे. अशा दवाखान्यात मी परिचारिका होते. छातीत दुखते म्हणणारा बंदी माझ्यासमोर येण्याआधीच 'नाटक करतो' हा पहारेकऱ्याचा शेरा येऊन पोहोचलेला असे, आणि माझी बदली ज्यांच्या हाती होती त्यांच्याच माणसाचा तो शेरा असल्याने, तो मनातून काढून रुग्णाकडे पाहणे मला दर वेळी जड जाई. कैद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत वैद्यकीय निर्णय केवळ आरोग्य व्यावसायिकांनीच घ्यावेत, इतर कर्मचाऱ्यांनी ते डावलू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. नॉर्वेने १९८८ मध्ये आणि फ्रान्सने १९९४ मध्ये ही सेवा आरोग्य व्यवस्थेकडे सोपवली.

प्रतिसाद १
असहमत. खाते बदलले तरी कोठडीची किल्ली पहारेकऱ्याकडेच राहते. रुग्णाला बाहेरच्या रुग्णालयात न्यायचे तर पहारा आणि वाहन तुरुंगच देणार. वेदनाशामक गोळी जिभेखाली दडवून नंतर बराकीत विकली जाते, म्हणून औषधफेरीत प्रत्येकाचे तोंड उघडून पाहावे लागते. हे काम परिचारिका आणि पहारेकरी यांना मिळूनच करावे लागते. दोन खाती झाली की रुग्ण दगावल्यावर प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवील.

प्रतिसाद २
माझा आक्षेप त्याही आधीचा आहे. गुन्हा न केलेली माणसे बाहेर उपचारासाठी ताटकळत असताना कैद्याला समान दर्जाची सेवा का द्यावी?

मूळ लेखिका
प्रतिसाद २ यांस : बाहेरचा माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो, बंद्याची ती वाटच आपण बंद केलेली असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच बंद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष ही क्रूर शिक्षा ठरवली. शिवाय क्षयाचा साधा उपचारही सहा महिने चालतो; तो अर्धवट टाकून सुटलेला माणूस तुमच्याच वस्तीत परततो.

प्रतिसाद १ यांचा पहाऱ्याचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. कागदावर तातडीची चिठ्ठी लिहून सोबत पहारेकरी मिळेपर्यंत मीही तासन्‌तास थांबले आहे. तरीही चिठ्ठी लिहू की नको, हा विचार करताना अधीक्षकांची मर्जी आठवू नये, एवढेच मी मागते आहे.

प्रतिसाद १
तेवढ्यापुरते मी तुमच्यासोबत आहे. प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या स्त्रीला बेड्या घालू नयेत, हे मंडेला नियम सांगतात, आणि तिथे परिचारिकेचा शब्द अखेरचा असावा. पण चिठ्ठी मिळाल्यापासून किती वेळात पहारा द्यायचा, हे दोन्ही खात्यांनी लेखी ठरवल्याशिवाय हस्तांतराला माझा होकार नाही.

मूळ लेखिका
ती अट मला मंजूर आहे. चिठ्ठीवर वेळ नोंदवायची सवय मला आधीपासून होती; ती वाचून जाब विचारणारे मात्र कोणी नव्हते.