मदत हवी आहे: टॉर्शन पेंड्युलमचा नॉइज १ मिलिहर्ट्झला दसपट, तार बदलू का?

रंकाळाकाठ
कोल्हापूर, तळघरातली लॅब. गुरुत्वीय लहरी मोजायच्या नियोजित लिसा अंतराळ मोहिमेसाठी आखलाय तसल्या कपॅसिटिव्ह (विद्युत धारकतेवरून हालचाल टिपणाऱ्या) सेन्सरचा छोटा नमुना टॉर्शन पेंड्युलमवर, म्हणजे तारेच्या पिळाने फिरणाऱ्या लोलकावर, तपासतोय. टंगस्टनची तार २५ मायक्रॉन, लांबी १ मीटर. खाली अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ ठोकळा, ४० मिमी, आरशासकट ६० ग्रॅम. उद्यमनगरात करून घेतला, सोन्याचा मुलामाही गावातच. आवर्तनकाल ४४० सेकंद, क्यू (झोका किती टिकतो त्याचं माप) २०००. हिशेबाने १ मिलिहर्ट्झला टॉर्कमधला (पिळाच्या बलातला) औष्णिक नॉइज ३ फेम्टोन्यूटन-मीटर प्रति रूट हर्ट्झ यायला हवा, दिसतो ३०. वर समतोल कोन दिवसा एकीकडे, रात्री दुसरीकडे. फ्यूज्ड सिलिकाची तार मागवावी का?

तारेवरची_कसरत
एवढ्यात नको. क्यू वाढल्याने फक्त तो ३ चा आकडा खाली जाईल, ३० जागच्या जागी राहील. शिवाय सिलिकातून वीज वाहत नाही. ठोकळ्यावर चार्ज साठला की तो काढायला अतिनील दिवा बसवावा लागतो. नसतं दुखणं.

आधी कल तपासा. पायाचा एक स्क्रू फिरवून चेंबर ५० मायक्रोरेडियन कलवा आणि समतोल कोन किती फिरला ते बघा. क्यू २००० असताना झोका लवकर थांबणार नाही, तेव्हा पूर्ण आवर्तनांची सरासरी घ्या. मिळालेल्या गुणांकाने टिल्टमीटरची (कलमापकाची) नोंद गुणून वजा करा. तार नवी असेल तर ती आपसूकही उलगडत असते, पण तो सरकाव एकाच दिशेने जातो; दिवस-रात्र पलटत नाही.

निर्वात_नळी
मुलाम्याखाली काय आहे?

रंकाळाकाठ
विचारलं. निकेल, ५ मायक्रॉन. म्हणाले, त्याशिवाय चमक येत नाही.

निर्वात_नळी
मग मला संशय तिथेच. निकेल लोहचुंबकीय. ठोकळ्याचा चुंबकीय मोमेंट (तो किती मोठा चुंबक आहे ते) १ मायक्रोअँपिअर-मीटर वर्ग धरा. आडवं क्षेत्र ३० नॅनोटेस्लाने हललं की टॉर्क थेट ३० फेम्टोन्यूटन-मीटर. एवढं क्षेत्र तर पृथ्वीचंच रोज हलतं, लिफ्ट आणि गाड्या वेगळ्या. लिसाचं तंत्र आधी तपासणाऱ्या लिसा पाथफाइंडर यानाचा ४६ मिमीचा ठोकळा सोनं-प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा होता, त्यात घनतेइतकंच कमी चुंबकीय ग्रहणशीलतेलाही (बाहेरच्या क्षेत्राने कमी चुंबकत्व येण्यालाही) महत्त्व होतं.

संशयावर थांबू नका, मोजा. चेंबरबाहेर आडव्या अक्षाची कॉइल ठेवा आणि ५ मिलिहर्ट्झच्या साइन लाटेने ठोकळ्याजवळ १ मायक्रोटेस्ला द्या. पेंड्युलमची स्वतःची वारंवारता २.३ मिलिहर्ट्झच्या आसपास आहे, तिथे जाऊ नका. नोंदीत ५ मिलिहर्ट्झवर टॉर्कचं शिखर आलं तर कायमचा मोमेंट, १० वर आलं तर क्षेत्राने निर्माण केलेला. कॉइल ९० अंशांत फिरवून पुन्हा करा. मोमेंट क्षेत्राच्या दिशेतच असेल तर पहिल्या वेळी काहीच दिसणार नाही.

रंकाळाकाठ
आणि निकेलच निघालं तर?

निर्वात_नळी
नवा ठोकळा. निकेल घासून काढायला जाल तर कडा जातील. प्लेटिंगवाल्याला खाली तांबं द्यायला सांगा, चमक कमी आली तरी चालेल म्हणावं. आरशाचे स्क्रूही स्टीलचे नकोत. स्टेनलेससुद्धा आटे पाडताना थोडं चुंबकीय होतं. टायटॅनियम किंवा पितळ घ्या.

तारेवरची_कसरत
आणि कॉइलची चाचणी चालू असताना मॅग्नेटोमीटरची (चुंबकीय क्षेत्रमापकाची) रात्रभराची नोंदही ठेवा. मोमेंट कळला की त्या नोंदीला गुणून तुमच्या ३० शी ताडून बघता येईल.